पाडवा ते पाडवा: वाचनाची कीर्द

२०२४च्या मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या कारखान्यात छोटासा कार्यक्रम झाला. चहाच्या वेळी हिशेब विभागात नव्याने लागलेली एक मुलगी माझ्याजवळ आली. “मॅडम, तुम्ही खूप वाचता म्हणे. गेल्या वर्षी वाचलेल्यांतली पाच पुस्तकं सांगा ना, मला सुरुवात करायचीय.” मी तीन नावं सांगितली आणि अडले. त्यातल्या तिसऱ्या पुस्तकाचा शेवट काही केल्या आठवेना.

वर्षाला पन्नास-साठ पुस्तकं होतात माझी, असं मी बरीच वर्षं सांगत होते. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, मला खरंच तसं वाटायचं. मी नाशिकला पंचवटीत राहते, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. कंपनीच्या बसमध्ये जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास हातात पुस्तक असतं. रात्री झोपायच्या आधी असतं. पर्समध्ये एक, उशाशी एक, ओट्यावरच्या मसाल्याच्या डब्यामागेही एखादं. त्यामुळे आपण सतत वाचतोय अशी भावना असते. पण माझा व्यवसाय हिशेबाचा. एकवीस वर्षं झाली, ताळेबंदात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मला रात्री झोप येत नाही. आणि ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव, तिची एका कागदावरही नोंद नाही. हे मला लागलं.

पाडवा ९ एप्रिलला होता, मंगळवारी. गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, दुपारी घर शांत झाल्यावर दोनशे पानी लाँगबुक घेऊन बसले. ठरवलं, या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत हातात येईल ते प्रत्येक पुस्तक इथे नोंदवायचं. पूर्ण झालं तरी, सोडलं तरी. इंग्रजी वर्ष किंवा आर्थिक वर्षही धरता आलं असतं, पण मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे घरी यायची वेळ नक्की नसते. (पुढचा पाडवा ३० मार्च २०२५ला आला, म्हणजे माझं वर्ष ३५५ दिवसांचं झालं. तिथीवर चालायचं तर हे आलंच.)

पहिल्या दिवशी मी अकरा रकाने आखले. क्रमांक, नाव, लेखक, प्रकार, मूळ भाषा, पानं, कुठून आलं, सुरू केल्याची तारीख, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख, पाचपैकी किती तारे, आणि शेवटी शेरा. मग वही उलटी करून मागच्या बाजूने वेगळी पानं ठेवली. जुन्या पेढीवरच्या हिशेबात दोन वह्या असतात. जे घडेल ते तारखेप्रमाणे ओळीने लिहायचं ती कीर्द. तेच व्यवहार पुढे आपापल्या खात्यात नेऊन मांडायचे ती खतावणी. कीर्द रोजची, खतावणी सवडीची. वहीची पुढची बाजू माझी कीर्द, मागची खतावणी. ही एकच गोष्ट मी पहिल्याच दिवशी बरोबर केली असं आज वाटतं, कारण पुढे जे काही कळलं ते सगळं मागच्या पानांवर कळलं.

फोनवरचं एक ॲपही करून पाहिलं. दोन आठवडे. देवनागरीत नाव टाकलं तर बरीच मराठी पुस्तकं सापडायची नाहीत, रोमनमध्ये टाकलं तर एकाच पुस्तकाच्या तीन स्पेलिंगांच्या तीन नोंदी दिसायच्या आणि पानांची संख्या भलत्याच आवृत्तीची असायची. वही बरी.

एप्रिल ते जून या काळात अकरा नोंदी झाल्या. जूनच्या शेवटी, शाळा सुरू होऊन घरची धावपळ जरा बसल्यावर मी पहिल्यांदा मागे वळून शेऱ्यांचा रकाना वाचला. ‘छान.’ ‘आवडलं.’ ‘भाषा सुंदर.’ ‘ठीक.’ ‘छान, पण लांबण.’ एप्रिलमधल्या चौथ्या नोंदीपुढे ‘फारच छान’ लिहिलं होतं आणि साडेचार तारे दिले होते. त्या पुस्तकातलं एकही माणूस मला डोळ्यांपुढे आणता आलं नाही. नाव, लेखक, पानं, तारखा, सगळं शाईत होतं, आणि पुस्तक गेलेलं होतं. दोन महिन्यांत. त्या मुलीपुढे मी का अडले ते मला त्या रात्री समजलं.

तेव्हा दोन गोष्टी केल्या. ताऱ्यांचा रकाना उभी रेघ मारून बंद केला. (खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, रेघ मारायची, बाजूला सही करायची. आमच्या कामात चूकसुद्धा वाचता आली पाहिजे.) आणि शेऱ्याला नियम लावला: विशेषण लिहायचं नाही. पुस्तकातली एक गोष्ट लिहायची, एकच, आणि ती पुढचं पुस्तक उघडायच्या आत लिहायची.

हे वाटतं तितकं सोपं नाही. ‘छान’ लिहायला दोन सेकंद लागतात. पुस्तकातली एक गोष्ट निवडायला पुस्तक मिटून पाच मिनिटं बसावं लागतं. बसमध्ये शेवटचं पान संपलं की मी दुसरं पुस्तक लगेच काढत असे, ती सवय मोडावी लागली. पपया नर्सरीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत नुसतं खिडकीबाहेर बघत बसायचं आणि काय उरलं ते शोधायचं. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी जूनमध्ये तिसऱ्यांदा वाचली. तिच्यापुढे लिहिलंय: ‘तालीम उभी राहिली, पाऊस गेला, गाव उठलं.’ एका कथासंग्रहापुढे: ‘नवरा निवृत्त झाला त्या दिवशी बायको पहिल्यांदा एकटी भाजी आणायला जाते आणि पिशवी विसरते.’ ही ओळ आज वाचली तरी ती कथा, ती पिशवी, तो दाराच्या कडीचा आवाज, सगळं परत येतं. पुस्तक कसं आहे हे ती ओळ सांगत नाही, पण पुस्तकात शिरायचं दार माझ्यासाठी उघडं ठेवते.

जुलैत मी वेगळीच चूक केली. रोज किती पानं वाचली ते लिहायला लागले. वाटलं, शिस्त लागेल. महिन्याच्या शेवटी सात पुस्तकं पूर्ण झाली होती, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. मी खूश होऊन खतावणीत मांडायला बसले आणि दिसलं की सातही पुस्तकं १६० पानांच्या आतली. फेब्रुवारीपासून उशाशी असलेली नऊशे पानांची ऐतिहासिक कादंबरी महिनाभर जागची हलली नव्हती. मी तिच्याकडे हात नेत होते आणि शेजारचं पातळ पुस्तक उचलत होते. असं रोज घडलं असणार, माझ्या लक्षातही न येता. आकडा वाढावा म्हणून पुस्तकं निवडली जात होती.

पानांचा रकाना बघता बघता आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. १२८, १४४, १६०, १७६, १९२, २०८. तेच तेच आकडे. हिशेबनिसाला अशी पुनरावृत्ती दिसली की चैन पडत नाही. ओळखीच्या एका मुद्रकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, पुस्तक पानांवर नाही चालत, फॉर्मावर चालतं. एका मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, घडी घातली की सोळा पानं. आठ फॉर्म म्हणजे १२८, नऊ म्हणजे १४४. मजकूर थोडा उरला तर अर्धा फॉर्म धरतो, नाहीतर टाइप लहान-मोठा करून बसवतो.” मग मी घरातली दोन पुस्तकं समोर ठेवून मोजलं. नवीन कादंबरी, मोठा टाइप: पानावर २६ ओळी, ओळीत साधारण ९ शब्द, म्हणजे २३४. जुनं आत्मचरित्र, बारीक टाइप: ३६ ओळी, ओळीत ११ शब्द, म्हणजे ३९६. दोन्ही डेमी आकाराचीच. दोनशे पानं धरली तर एकात सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार शब्द, दुसऱ्यात एकोणऐंशी हजार. आणि मी महिनाभर दोघांची पानं एकाच रकान्यात बेरजेला लावत होते. वेगवेगळ्या चलनातले आकडे एकत्र मिळवावेत, तसं.

रोजच्या पानांची नोंद ३१ जुलैला बंद केली. पानांचा रकाना ठेवला, पण त्याची बेरीज पुन्हा कधी केली नाही.

ऑगस्टमध्ये एकच नोंद आहे.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती माझ्याकडे राहायला आली. ऑपरेशन अगदी व्यवस्थित पार पडलं, पण नव्या चष्म्याचा नंबर महिनाभराने काढायचा होता आणि तोवर जवळचं सगळं धूसर. आई रोज सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी. दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे, त्यासाठी मोबाइलवर गजर लावलेले. दिवस कसाबसा जायचा, संध्याकाळी ती अस्वस्थ व्हायची. टीव्ही बघू देत नव्हतो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “अगं, तू वाचतेयस ते जरा मोठ्याने तरी वाच.”

मी वाचत होते ते तिच्यासाठी नव्हतं. कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. ८ ऑगस्टला सुरू केलं, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, साडेआठ ते साडेनऊ. लक्ष्मीबाईंचा जन्म जलालपूरचा, नाशिकच्या अगदी जवळचं गाव. पहिल्याच संध्याकाळी ते नाव आलं तशी आई म्हणाली, “म्हणजे आपली माणसं गं ही. थांब, परत वाच.”

श्रावण होता. आई काळा चष्मा लावून, डोळे मिटून आरामखुर्चीत बसायची आणि मांडीवरच्या ताटलीतला कापूस घेऊन वाती वळायची. वाती वळायला डोळे लागत नाहीत, तिची बोटं स्वतःच सगळं करतात. अंगठा आणि दोन बोटं, कापसाचा तुकडा ओढून लांब करायचा, तळहातावर एक फिरकी, की वात तयार. फुलवात असेल तर टोकाला किंचित दूध. मी वाचायचे आणि माझं अर्धं लक्ष त्या बोटांकडे असायचं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या गोष्टी आल्या तेव्हा ती हसायची, पण हात चालू असायचे. काही ठिकाणी मात्र हात थांबायचे. कापसाचा पुंजका दोन बोटांत तसाच राहायचा, अर्धवट ओढलेला. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो भाग आला त्या रात्री हात थांबले ते पुन्हा सुरूच झाले नाहीत. मी आणखी दोन पानं वाचली. “आज इथेच ठेव,” आई म्हणाली. ताटली बाजूला ठेवून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, “मग ती एकटी कशी राहिली गं तितकी वर्षं?” म्हटलं, संध्याकाळी वाचू. “हो, पण राहिली ना?”

मोठ्याने वाचताना तासाला साधारण अठरा पानं होतात. मनात वाचताना माझी चाळीस तरी होतात. अर्थ एवढाच की मनात वाचताना मी बरंच गाळते. वर्णनाचा परिच्छेद आला की डोळे खाली सरकतात, संवाद आला की थांबतात. इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं. मोठ्याने वाचताना गाळता येत नाही, समोर बसलेल्या माणसाला लगेच कळतं. आईने दोनदा पकडलं. “मध्ये काहीतरी राहिलं.” खरंच राहिलं होतं, चार ओळी.

२६ संध्याकाळी लागल्या. ४ सप्टेंबरला पुस्तक पूर्ण झालं, गणपतीच्या तीन दिवस आधी. शेऱ्यात काय लिहायचं ते मी आईला विचारलं, कारण हे पुस्तक दोघींचं होतं. ती म्हणाली, “लिही, की मी दोनदा थांब म्हटलं.” तेच लिहिलंय. आणि त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला: कुणाबरोबर.

नवा चष्मा आला आणि आई पुन्हा पेपर वाचायला लागली. पण संध्याकाळचा तास चालू राहिला, ती तिच्या घरी परत जाईपर्यंत.

ऑक्टोबरची ३ तारीख, घटस्थापना. त्या संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. कॉलनीतल्या गटात सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा पाठवल्या, मीही पाठवल्या, मनापासून. त्यानंतर नऊ दिवसांनी दसऱ्याच्या सुट्टीत मी सहामाही हिशेब काढला, आणि तो बघताना ती बातमी पुन्हा आठवली.

२४ नोंदी. त्यात कादंबऱ्या सोळा. पुरुषांनी लिहिलेली वीस, स्त्रियांनी लिहिलेली चार. भाषांतरं सात, त्यातली सहा इंग्रजीतून आलेली आणि एकच कन्नडमधून. मूळ मराठी पुस्तकांपैकी बहुतेक सगळी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत घडणारी. म्हणजे मी ज्या घरात वाढले तशाच घरांत. मी ठरवून असं काही केलं नव्हतं. वाचनालयात गेलं की हात ओळखीच्या कप्प्याकडे जातो, ओळखीचं नाव दिसलं की पुस्तक बाहेर येतं, एवढंच. पण ‘मी खूप वाचते’ असं म्हणणाऱ्या बाईचा मराठीतला वावर चार गल्ल्यांपुरता होता, हे खतावणीत अगदी उघड दिसत होतं. वाईट वाटलं. मग ते वाटणं बाजूला ठेवून पुढच्या सहामाहीसाठी एक यादी केली.

यादीतलं पहिलं पुस्तक दया पवारांचं दलित आत्मकथन ‘बलुतं’. १९७८ साली आलेलं पुस्तक. नाव लहानपणापासून ऐकलेलं, कॉलेजात त्यावर परीक्षेचं उत्तर लिहिलेलं, आणि पुस्तक न वाचलेलं. आमचं वाचनालय म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, नाशिककरांचं सावाना, १८४०चं. तिथून आणलं. कीर्दीत त्याची नोंद बघितली तर सुरू १९ ऑक्टोबर, पूर्ण २७ ऑक्टोबर. नऊ दिवस, आणि मध्ये तीन दिवस मी पुस्तक उघडलंच नव्हतं, तेही लिहून ठेवलंय. मुंबईतल्या कावाखाना वस्तीची पानं बसमध्ये वाचता आली नाहीत. बसमध्ये माणसं हसत-बोलत असतात, कुणीतरी डबा उघडून चिवडा पुढे करतं. मी पुस्तक मिटून पर्समध्ये ठेवलं आणि रविवारची वाट बघितली. शेऱ्यात लिहिलंय: ‘दगडू पवार बोलतो, दया पवार ऐकतो. दोघं एकच.’

याच सहामाही हिशेबात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला वाटतं वर्षभरातली सगळ्यात उपयोगाची तीच. तोवर सात पुस्तकं अर्धवट सोडली होती. सोडलेल्या पुस्तकाचं पान मी लिहीत होते: ५२, ४१, ६८, ११०, ६३, ४७, ५६. बहुतेक सगळी चाळीस ते सत्तरच्या दरम्यान. इतकी वर्षं माझी समजूत अशी की पुस्तक सोडलं म्हणजे ते कंटाळवाणं होतं. पण तारखांशी ताडून बघितलं आणि कुठे वाचत होते ते आठवून पाहिलं, तर सातांपैकी सहा पुस्तकं मी फक्त रात्री वाचत होते. साडेदहानंतर, अंथरुणात, दिवसभर आकडे बघून थकलेल्या डोळ्यांनी, रोज चार-पाच पानं. चार पानांनी कुठलं पुस्तक पकड घेणार? दहा-बारा रात्री गेल्या की पन्नासावं पान येतं, तोवर पहिल्या प्रकरणातली माणसं विसरलेली असतात. दोष पुस्तकाचा नव्हता. मी त्याला दिवसातला सगळ्यात उरलासुरला वेळ देत होते आणि वर त्यालाच नापास करत होते.

त्यातली दोन पुस्तकं पुन्हा आणली आणि रविवारी सकाळी, अंघोळ-पूजा झाल्यावर, एका बैठकीत पहिली ऐंशी पानं वाचायची असं ठरवून बसले. दोन्ही पूर्ण झाली. एक तर, नदीकाठच्या एका गावाच्या इतिहासाचं, वर्षातल्या सगळ्यात आवडत्या पुस्तकांपैकी आहे. आता नवं, जरा जड पुस्तक मी रविवारीच उघडते. पहिली पकड बसली की मग ते बसमध्येही चालतं. रात्रीसाठी कविता ठेवलीय, किंवा आधी वाचलेलं एखादं पुस्तक.

दिवाळी अंकांनी थोडं अडवलं. आपल्याकडे वाचनाची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येणार. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने मराठी माणूस अंक वाचतो, पुस्तकं नाही. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत वर्गणी भरली की फेब्रुवारीपर्यंत अंक बदलून आणता येतात. पण अंक म्हणजे पुस्तक का? आणि तो ‘पूर्ण’ कधी होतो? कुणीही दिवाळी अंक भविष्यासकट शेवटपर्यंत वाचत नाही. नोव्हेंबरभर मी एकही नोंद केली नाही आणि वाटायला लागलं, वाचन थांबलं. ते थांबलं नव्हतं, माझ्या रकान्यांत बसत नव्हतं. शेवटी मागच्या बाजूला दिवाळी अंकांचं स्वतंत्र खातं उघडलं, तिथे अंक नाही तर लेख किंवा कथा नोंदवायची, फक्त जी शेवटपर्यंत वाचली ती. नऊ अंकांतून ३१ नोंदी झाल्या. आणि जानेवारी ते मार्चमध्ये जी पुस्तकं शोधून वाचली त्यातली चार या लेखांमुळे कळलेली होती, दोन तर मी कधी नावही न ऐकलेल्या लेखिकांची. रोज संध्याकाळी नव्या वाटेने फिरायला जावं तसं होतं ते.

मार्चचा शेवटचा आठवडा. कारखान्यात वर्षअखेरची गडबड, रोज आठ-साडेआठला घरी. तरी शनिवारी, २९ तारखेला रात्री, वहीचा ताळेबंद काढलाच.

एकूण नोंदी ४६. पूर्ण ३२, सोडलेली १२, हातात असलेली २. पन्नास-साठ नव्हेत, बत्तीस. लेखिका १५, म्हणजे दुसऱ्या सहामाहीत बावीसपैकी अकरा. कुठून आली याचं खातं: वाचनालयातून २१, विकत घेतलेली ९, कुणाकडून उसनी ७, घरच्या कपाटातली ६, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी आमच्या कॉलनीत येते तिच्यातून ३. विकत घेतलेल्यांपुढे जरा थांबले. पावत्या मी डब्यात ठेवते, त्या मोजल्या. वर्षात १९ पुस्तकं घेतली होती. दहा पुस्तकांचं पहिलं पानही उघडलेलं नव्हतं. शिल्लक साठा दहा, असं लिहून खाली रेघ मारली. पुढच्या वर्षी त्यांना पहिला मान, आणि ती संपेपर्यंत नवीन खरेदी नाही. हे मी स्वतःशी अगदी गांभीर्याने ठरवलंय.

उसन्या पुस्तकांचं खातं मात्र बघवेना. सात आणलेली, परत केलेली चार. तीन अजून माझ्याकडे. एक जाऊबाईंचं, एक कार्यालयातल्या मैत्रिणीचं, आणि एक तळमजल्यावरच्या काकांचं, १४ जुलैला आणलेलं. जुलै म्हणजे पातळ पुस्तकांचा महिना. हे साडेचारशे पानांचं होतं, शेतीच्या इतिहासावरचं, म्हणून कडेला पडलेलं. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. एकटे राहतात. ते पुस्तक त्यांनी स्वतः कव्हर घालून दिलं होतं, तपकिरी कागदाचं, कोपरे दुमडून डिंकाने चिकटवलेलं. आठ महिने ते जिन्यात भेटल्यावर एकदाही काही बोलले नाहीत.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, नैवेद्य झाला, आणि वाटीभर श्रीखंड आणि ते पुस्तक घेऊन मी खाली गेले.

काकांनी दार उघडलं. आधी श्रीखंड घेतलं, मग पुस्तक. कव्हरवरून हात फिरवला.

“झालं का वाचून?”

“नाही हो काका. ११२ पानापर्यंत आलेय. फार दिवस ठेवलं, म्हणून परत...”

त्यांनी पुस्तक उघडलं, ११२ पान काढलं, चष्मा कपाळावर सरकवून जरा वेळ बघितलं.

“अगं, पाटबंधाऱ्यांचं प्रकरण तर आता सुरू होतंय,” ते म्हणाले आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं. “गंगापूर धरण येतं त्यात. ये आत. बस.”